बर्फ नरम होता ना, सिस्टर?

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढा भाग वगळून पुढे जाते — जणू त्याला काही ठाऊकच नाही. सहा वर्षं झाली. आता तुम्हाला सांगायला बसले आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. लवकर सुरुवात करते, नाहीतर पुन्हा उठून गॅसवरचं दूध बघायला जाईन. आजवर दोनदा तसंच झालं आहे.

मी हैदराबादची. काचीगुड्यात वाढले आणि सासरही तिथलंच मिळालं. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात होते, वडील शाळेत शिकवायचे. घरात मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात दखनी — आमच्याकडे सगळे असेच वाढतात. मी नर्स झाले आणि अठ्ठावीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. रुग्णालय मोठं आहे, नाव सांगत नाही. नाव सांगितलं तर दोष त्याच्यावर जाईल, आणि दोष माझा आहे.

माझा दरारा होता. कुमुद सिस्टर आली की ट्रेमधल्या कात्र्यासुद्धा सरळ होतात, असं पोरी पाठीमागे म्हणायच्या. मला ते ऐकू यायचं आणि आवडायचं. कुणाची चूक मी सोडली नाही. एकदा एका मुलीने टॉवेल एक कमी मोजला म्हणून तिला सगळ्यांसमोर रडेपर्यंत बोलले होते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी कशाला घाबरले ते तुम्हाला कळेल.

आता बर्फाचं सांगायला हवं.

ज्याचा मेंदू मेला आहे, त्याच्या घरच्यांनी हो म्हटलं, तर त्याचं हृदय काढून दुसऱ्याला बसवतात. मधल्या तीन-चार तासांत ते हृदय थंड ठेवावं लागतं. थंड म्हणजे गोठलेलं नाही — लोकांचा इथेच घोटाळा होतो. कोथिंबीर फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकली की दुसऱ्या दिवशी काळी पडते ना? तसंच. हृदय आधी एका पिशवीत थंड द्रावणात ठेवतात. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तिच्यात नरम बर्फ — भुगा झालेला, पाणी सुटलेला, बोटाने दाबला तर दबणारा. मग तिसरी पिशवी, मग डबा. हा नरम बर्फ बनवण्यासाठी निर्जंतुक सलाईनच्या बाटल्या डीप फ्रीजरमध्ये गोठवून ठेवतात आणि निघण्याआधी दीड तास बाहेर काढतात. नंतर फडक्यात गुंडाळून हातोडीने ठोकायचं. काम अगदी साधं. पोळ्या करणारी कोणीही बाई ते करू शकेल. पण मी ते कुणाला करू देत नसे. बर्फ माझा.

त्या दिवशी सकाळी निरोप आला. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयात सव्वीस वर्षांचा मुलगा होता, दुचाकीवरून पडलेला. आमच्याकडे एक शिंपी सात महिने हृदयाची वाट बघत पडून होता. बायको त्याच्या उशाशी बसून ब्लाउजला हुक लावायची. सगळी धावपळ सुरू झाली. आणि नेमकी त्याच दिवशी आमच्याकडे तपासणी होती — बाहेरून माणसं येतात, रजिस्टरं बघतात, शेरे देतात. माझी रजिस्टरं म्हणजे नमुना. आमच्याकडे एक सवय होती, आणि ती मीच लावली होती: तपासणी असली की खूण आधी करायची, काम नंतर. काम होणारच असतं ना? रकाना रिकामा दिसला तर ती माणसं नाक मुरडतात. म्हणून मी लिहिलं — बर्फाच्या बाटल्या बाहेर काढल्या, वेळ साडेदहा. खाली सही. मग ती माणसं आली, त्यांनी पानं उलटली, वा म्हणाली. मी त्यांच्याबरोबर चहा घेतला. अर्धा तास मी माझ्या थिएटरविषयी बोलत होते.

बाटल्या फ्रीजरमध्येच होत्या.

निघताना लक्षात आलं. काढल्या तेव्हा त्या विटेसारख्या होत्या. पोचेपर्यंत सुटेल बर्फ, असं स्वतःला सांगितलं आणि डब्यात टाकल्या. डब्यात बर्फच भरलेला, तिथे काय सुटणार? पण मनाला एकदा समजूत घालायची ठरवली की ते काहीही ऐकतं.

तिथे थिएटरच्या बाहेर, बाकावर, एक बाई मराठीत रडत होती. आमच्या शहरात मराठी कानावर पडलं की मान आपोआप वळते. मी थांबले, विचारलं. मुलाची आई. कदम आडनाव, अंबरपेठेत घर, मुलाच्या वडिलांचं बेगम बाजारात स्टीलच्या भांड्यांचं दुकान. मूळचे नांदेडकडचे. मुलाचं नाव किरण. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “ताई, तुम्ही आपल्यातल्या निघालात, बरं झालं बाई. नीट न्या हो त्याला.” बाजूला एक उंच मुलगी उभी होती, डोळे कोरडे. बहीण, रेणुका. शाळेत खेळाची शिक्षिका होती. तिने आईला माझ्यापासून सोडवून घेतलं, कारण मला उशीर होत होता हे तिलाच तेवढं कळलं.

आत बर्फ कडकच होता. मी ठोकला. खडे झाले, भुगा झाला नाही. त्या थिएटरमध्ये त्यांचा नरम बर्फ होता — मला समोर दिसत होता, एका शब्दाने मिळाला असता. मी मागितला नाही. कुमुद सिस्टर दुसऱ्याच्या थिएटरमध्ये बर्फ मागणार? सर्जननी हृदय पहिल्या पिशवीत बांधून माझ्याकडे दिलं. मी ते दुसऱ्या पिशवीत ठेवलं, सभोवती ते खडे भरले, बांधलं. बांधताना एक मोठा खडा पिशवीच्या आडून हृदयाला टेकलेला हाताला लागला. सरकवला. तो परत तिथेच आला.

तुम्ही म्हणाल, घाईत झालं असेल. मीही तेच म्हणत आले. पण थांबा, पुढचं ऐका.

परत आलो. पोलिसांनी रस्ता मोकळा ठेवला होता, गाडी कुठे थांबली नाही. पण आमच्या शिंप्याची आधी एकदा छाती उघडलेली होती. आत सगळं चिकटलेलं. इथल्या सर्जननी सांगितलं, हृदय डब्यातून बाहेर काढू नका, मला अजून तास लागेल. तो सबंध तास मी त्या डब्याशेजारी स्टुलावर बसून होते. आमच्या थिएटरमध्ये तोवर दुसऱ्या बाटल्यांचा नरम बर्फ तयार होता, चार हातांवर, स्टीलच्या भांड्यात. वरच्या दोन पिशव्या सोडायच्या, खडे काढायचे, नरम बर्फ घालायचा. पाच मिनिटं. फक्त तोंडाने म्हणावं लागलं असतं — सर, माझा बर्फ कडक आहे, बदलते.

मी म्हणाले नाही.

विसरणं ही चूक होती. हा तास चूक नव्हता. मला माहीत होतं. पिशवीच्या आत काय होतंय ते त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि मी हात मांडीवर ठेवून बसले. कशासाठी? पोरींसमोर मान खाली जाऊ नये म्हणून. सकाळी मिळालेली वाहवा संध्याकाळपर्यंत टिकावी म्हणून. एवढ्याचसाठी.

हृदय बाहेर काढलं तेव्हा उजव्या बाजूला एक भाग पांढुरका दिसला. सर्जनचं बोट तिथे थांबलं, त्यांनी दाबून पाहिलं. ते इथलेच, जुन्या शहरातले, बोलायचे दखनीत. मान न वळवता त्यांनी विचारलं, “बर्फ नरम था ना, सिस्टर?”

मी म्हणाले, “जी, नरम था.”

तीन शब्द हो, एवढेच तीन. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही चुकीचं हत्यार दिलं नव्हतं. हृदय बसवलं. डावी बाजू चालली, उजवी चालेना. यंत्रं लावली, औषधं दिली. चौथ्या दिवशी शिंपी गेला. बायकोने हुकांची डबी पिशवीत टाकली आणि ती त्याला घेऊन गावी गेली. तिचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. विचारायचं धाडस मी केलं नाही.

मग बैठक झाली. काय चुकलं, कुठे चुकलं. सगळे कागद मागवले. माझ्या रजिस्टरात साडेदहा ही वेळ होती, खूण होती, सही होती. बर्फावर कुणी एक मिनिटसुद्धा घालवलं नाही. कापून तपासावं म्हटलं तर शिंप्याच्या घरच्यांनी नको म्हटलं होतं. मग काय उरलं? दात्याचंच हृदय. तरुण माणसांत उजव्या बाजूच्या स्नायूचा एक आजार असतो, वरून दिसत नाही, घराण्यात चालतो, कधीकधी चक्कर येऊन माणूस पडतो. कुणीतरी म्हणालं — मुलगा दुचाकीवरून पडला, तो घसरला की चक्कर येऊन पडला? सगळ्यांनी माना हलवल्या. किती नीट बसत होतं ते. मीसुद्धा मान हलवली. शेवटी लिहिलं गेलं: दात्याच्या हृदयात छुपा दोष असण्याची शक्यता, घरच्या लोकांची तपासणी करून घ्यावी. चांगल्या मनानेच लिहिलं हो त्यांनी. घरच्यांच्या जिवाला धोका असेल तर सांगायला नको?

आणि सांगायला पाठवलं कुणाला? मला. मराठी येतं ना तुम्हाला, सिस्टर, ती माणसं तुम्हाला ओळखतात.

मी अंबरपेठेला गेले. त्यांनी मला पोहे केले. मुलाचा फोटो भिंतीवर, हार अजून ताजा. मी घोटाघोटाने पाणी पीत, शब्द शोधत, ते सांगितलं. तुमच्या किरणचं हृदय आधीपासूनच जरा — असं काहीतरी.  आई लगेच म्हणाली, माझा बाप असाच बसल्या जागी गेला होता, म्हणजे हे माझ्याच रक्तातून आलं. त्या दिवसापासून तिने ते आपल्या अंगाला लावून घेतलं. दिराच्या घरी कुणी शिंकलं तरी तिला वाटे, लोक तिच्या माहेराकडे बोट दाखवताहेत. मी तिथे बसून पोहे खाल्ले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या मनात त्या वेळी काय होतं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा वाटलं ते हेच.

सगळ्यांची तपासणी झाली. रेणुकाची झाली. रिपोर्ट चांगला आला. पण या आजाराचं असं असतं की आज दिसला नाही म्हणजे नाहीच असं कुणी डॉक्टर लिहून देत नाही. दरवर्षी बघा, जोराचे श्रम टाळा, मूल होऊ द्यायच्या आधी विचारा. ती खेळाची शिक्षिका. खो-खोत राज्याकडून खेळलेली. शाळेने तिला मैदानावरून काढून ग्रंथालयात बसवलं. काळजीपोटीच. मी तिला म्हणाले, बरं झालं, सावलीतलं काम मिळालं. असं मी म्हणाले. मी.

वाटलं होतं, एवढ्यावर थांबेल. नाही थांबलं.

इथली मराठी मंडळी थोडी. लग्न ठरायचं तर माणसांतून माणसांत चौकशी फिरते, आणि फिरत फिरत ती ज्याला आतलं माहीत असेल त्याच्या दाराशी येते. चैत्रातलं हळदीकुंकू होतं, काचीगुड्यात, मानेबाईंकडे. आंब्याची डाळ, पन्हं, बायकांची गर्दी. मानेबाईंच्या मुलासाठी रेणुकाचं चाललं होतं. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, पत्रिका जुळलेली. मानेबाईंनी मला आतल्या खोलीत नेलं, पलंगावर बसवलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्ही तिथंच असता की. त्या घराला हार्टचं काहीतरी हाय म्हणतेत. खरं काय ते सांगा, आपल्यातच राहील.”

बघा, देवाने किती सोपं करून दिलं होतं. खरं सगळं सांगायची गरजही नव्हती. ‘काही नाही हो, पोरगी ठणठणीत आहे’ — एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मग त्या विचारतील, एवढ्या खात्रीने कसं सांगता? डॉक्टर सांगू शकत नाहीत ते तुम्हाला कसं माहीत? आणि ज्याला खरं माहीत असेल तोच एवढ्या खात्रीने बोलू शकतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी पन्ह्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, मुलगी सोन्यासारखी आहे, पण दरवर्षी तपासण्या चालू असतात बाई, आता तुमचं तुम्ही बघा.

चार दिवसांनी नकार गेला. त्यानंतर आणखी दोन ठिकाणी ‘तपासण्या चालू असतात’ हेच वाक्य पोचलं, ते मी न सांगताच.

एक मन मला सांगतं, बर्फामुळेच झालं असं कुठे सिद्ध झालंय? शिंप्याची छाती आधीच खराब होती. किरणला खरंच काही असेलही. या मनाला मी सहा वर्षं खाऊ घातलं आहे. पण तो खडा माझ्या हाताला लागला होता, आणि पांढुरका डाग नेमका तिथेच होता. हे मला कुणाकडून सिद्ध करून घ्यायचं नाही.

सर्जन निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेले. मीही निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी भाषणात एक मुलगी म्हणाली, सिस्टरच्या हातून कधी चूक झाली नाही. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले.

आणि आणखी एक, कारण निम्मं सांगून उपयोग नाही. रेणुका मराठी छान बोलते, पण तिला वाचता येत नाही. शाळा इंग्रजी, दुसरी भाषा तेलुगू. तिच्या आईचं शिक्षण चौथीपर्यंत, आणि आता मोतीबिंदू. मानेबाई वाचतात फक्त पंचांग. मी हे मराठीत लिहायला घेतलं तेव्हा मला ते ठाऊक होतं.

रेणुका आता चौतीस वर्षांची आहे. तपासणीला दरवर्षी मीच तिच्याबरोबर जाते. तिची आई म्हणते, मावशी बरोबर असली की धीर येतो. रेणुका मला मावशी म्हणते. गेल्या महिन्यात गेलो होतो. रिपोर्ट पुन्हा चांगला आला. बाहेर आल्यावर ती बाकावर बसली आणि कागदाची घडी घालत म्हणाली, “मावशी, एक विचारू? किरणच्या हार्टला खरंच काही होतं का? तो माझ्याबरोबर पळायचा, कधी दमला नाही.” आजूबाजूला कुणी नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, संशयाने नाही, फक्त मला माहीत असेल म्हणून.

मी म्हणाले, “डॉक्टर लोकांनी बघितलंय ना बेटा. आपण काळजी घेतलेली बरी.”

तिने मान हलवली. आम्ही पहिल्या मजल्यावर होतो, खाली एकच जिना उतरायचा होता. ती उठली, जिन्याकडे वळली, मग थांबली आणि परत आली. आम्ही दोघी लिफ्टची वाट बघत उभ्या राहिलो.